मुठीचं गाडगं

आमच्या भागात ‘चर्च’ हा शब्द फार उशिरा आला. आमच्या लहानपणी इमारतीला देऊळ म्हणत आणि माणसांना मंडळी. देऊळ म्हणजे काळ्या दगडाच्या चार भिंती, वर पत्रा, आत शेणानं सारवलेली जमीन आणि एका टोकाला लाकडी टेबल. सोमवार ते शनिवार तिथं शाळा भरायची, रविवारी उपासना व्हायची. शिकवणारे मास्तर आणि उपदेश करणारे पाळक बरीच वर्षं एकच होते. देवळाला कुलूप लावलेलं मला आठवत नाही. चोरून न्यावं असं आत काही नव्हतंच.

मंडळी मात्र मोजूनमापून असायची. कोण मंडळीत आहे, कोण प्रभुभोजनाला बसतो, कुणाला काही दिवस बाजूला ठेवलंय, हे सगळं एका जाड वहीत लिहिलेलं असे. दुसरी एक वही होती धान्याची. तिच्याबद्दल पुढं सांगेन. या दोन वह्या, आजीच्या तोंडच्या गोष्टी आणि मी डोळ्यांनी पाहिलेलं, एवढ्यावर हा इतिहास उभा आहे. मिशनऱ्यांचे अहवाल अमेरिकेत छापले गेले. आमच्या वाड्यातल्या बायांनी काय केलं ते मात्र कुणी छापलं नाही, म्हणून लिहितो.

आमचं गाव नेवासे तालुक्यातलं, कोरडवाहू. ज्या नेवाशात ज्ञानदेवांनी खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली, त्याच तालुक्यात आमच्या पूर्वजांना देवळाच्या पायरीशी जायला मनाई होती. ज्ञानेश्वरी मराठीत झाली ती सगळ्यांना कळावी म्हणून, पण आमच्या वाड्यापर्यंत ती यायला कित्येक शतकं लागली. आणि आली तीही उलट्या वाटेनं, ख्रिस्ती कीर्तनकाराच्या तोंडून. तो ओवीची चाल घ्यायचा, दृष्टांत ज्ञानदेवांच्या वळणाचा द्यायचा आणि कथा येशूची सांगायचा.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईला 1813 साली उतरले आणि 1831 साली त्यांनी नगरला ठाणं केलं. ‘ज्ञानोदय’ हे त्यांचं पत्र 1842 साली नगरहूनच निघालं. नगर शहरात सुरुवातीला मिळाले ते थोडेफार शिकलेले, काही ब्राह्मणसुद्धा. खेड्यांत मात्र गोष्ट वेगळी घडली. आमच्या तालुक्यात वडाळा बहिरोबाला मिशनचं ठाणं झालं आणि तिथून शाळा गावोगाव गेल्या. शाळेच्या मागून शुभवर्तमान आलं. आधी महारवाड्यात आलं, मग मांगवाड्यात.

ते पसरलं कसं, याचं उत्तर मिशनऱ्यांच्या घोड्यात नाही, आमच्या सोयरिकीत आहे. एका गावची लेक दुसऱ्या गावी दिली, तिच्या भावानं बाप्तिस्मा घेतला, तो बहिणीला भेटायला आला, रात्री मुक्कामाला राहिला, कंदिलाशेजारी बसून दोन अध्याय वाचून दाखवले. पुढच्या वर्षी त्या गावात तीन घरं ‘किरिस्तांव’ झाली. आमच्या घराण्यात हे माझ्या पणज्याच्या मेव्हण्यामुळं झालं. आजी म्हणायची, “साहेबाला पाहून कोन बाटलं न्हाई बाबा. मेव्हन्याला पाहून बाटले.” ‘बाटले’ हा शब्द तिला लोकांनी दिलेला होता. ती तो हसून वापरायची.

दुष्काळ आले तेव्हा संख्या वाढली, हेही खरं. 1876-77 चा दुष्काळ, मग 1896-97 चा, आणि त्याच्या पाठोपाठ 1899-1900 चा. मिशननं कामं काढली, अन्नछत्रं घातली, अनाथ पोरं सांभाळली. गावानं त्यावरून टोमणा तयार केला, ‘पोटासाठी झालेत.’ हा टोमणा मी स्वतः शाळेत ऐकला आहे, म्हणजे तो सत्तर वर्षं टिकला. आमच्या पाळकांचं त्यावरचं उत्तर साधं होतं. ते म्हणायचे, “पोटासाठी आलेला मनुष्य पोट भरल्यावर जातो. गेले ते गेले. जे राहिले ते कशासाठी राहिले, हे तुमच्या वागण्यावरून गावाला कळू द्या.” हे वागणं म्हणजे काय, याची परीक्षा आमच्या मंडळीत वारंवार झाली. त्यातल्या तीन परीक्षा मला ठाऊक आहेत.

पण आधी मंडळी जगायची कशी ते सांगतो.

आठवड्यातून एका संध्याकाळी घरसभा असे. आज एकाच्या घरी, पुढच्या बुधवारी दुसऱ्याच्या. ज्याच्या घरी सभा त्यानं ओटा सारवायचा, कंदिलाची काच पुसायची आणि पाण्याचा हंडा भरून ठेवायचा. चहा द्यायचा नाही, असा नियम होता. एकानं चहा दिला की दुसऱ्याला द्यावा लागतो आणि तिसरा लाजेनं सभा बोलवायची थांबतो, एवढा विचार करून तो नियम केला होता. वीणा, टाळ आणि मृदंग एवढं सामान. वाचता येणारे दोघं-तिघं. बाकीच्यांनी ऐकून पाठ करायचं. आजीला अक्षर येत नव्हतं, पण डोंगरावरचं प्रवचन तिला अथपासून इतिपर्यंत येत होतं. वाचणारा चुकला तर ती मधेच टोकायची, आणि वाचणारा मुकाट्यानं ओळ पुन्हा वाचायचा.

भजनं होती म्हणून हे टिकलं, असं मला वाटतं. सुरुवातीची ख्रिस्ती गीतं बरीचशी इंग्रजी चालींवर बांधलेली. ती शहरातल्या बाजाच्या पेटीवर शोभत. आमच्या ओट्यावर ती लंगडायची. नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, आणि पुढं नारायण वामन टिळक आले. टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि मग नगरला बरीच वर्षं काढली. त्यांची पदं अभंगाच्या, ओवीच्या अंगानं गेली आणि गडीमाणसाच्या गळ्यात बसली. नांगर धरताना म्हणता येईल अशी उपासना त्यांनी आम्हाला दिली. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून प्रसिद्ध होऊ लागलं. ते आमच्या मास्तरांकडं होतं. त्यातली गंमत ते वाचून दाखवत आणि बायका पदर तोंडाला लावून हसत. पण एक भाग आला की ओटा गप्प होई. सोवळ्यात वाढलेल्या त्या बाईनं दुसऱ्याच्या हातचं पाणी पिण्यापर्यंत केलेला प्रवास नवऱ्याच्या सांगण्यावरून केला नाही, स्वतःच्या मनाशी झगडून केला. आमच्या बायकांना तो प्रवास पाण्याच्या दुसऱ्या टोकाकडून कळत होता.

वर्षातून एकदा हंगामाचा सण. ज्वारीची कणसं, भोपळे, शेंगा, एखादी कोंबडी, अंडी, असं जे पिकलं असेल ते देवळात आणायचं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव. एका वर्षी एकच अंडं सात वेळा विकलं गेलेलं मी पाहिलं. घेणारा पैसे द्यायचा आणि अंडं परत टेबलावर ठेवायचा. आठव्याच्या हातून ते फुटलं तेव्हा पाळक म्हणाले, “आता मात्र अर्पण संपूर्ण झालं.”

आणि रोजची होती ती मूठ. घरची बाई दळायला किंवा रांधायला धान्य काढायची, तेव्हा त्यातली एक मूठ चुलीशेजारच्या गाडग्यात टाकायची. सकाळी एक, संध्याकाळी एक. मूठ टाकताना डोळे मिटून एक वाक्याची प्रार्थना. रविवारी गाडगं पदराखाली घेऊन देवळात यायचं आणि कणगीत रिकामं करायचं. पुढं मला कळलं की कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेनंही मुष्टिफंड याच तऱ्हेनं उभा केला, बायांच्या मुठीतून पोरांची वसतिगृहं चालवली. मूठ ही आपल्या मुलखाचीच रीत. गरिबाला पैसा द्यायला नसतो, पण मूठ सगळ्यांकडे असते. आमच्या कणगीतून पाळकाचा थोडा पगार निघायचा, बाळंतिणीला, आजाऱ्याला, एखाद्या निराधार म्हातारीला धान्य जायचं. धान्याच्या वहीत तीन रकाने होते: कुणी दिलं, किती, कुणाला गेलं.

पहिली परीक्षा माझ्या जन्माआधीची. ती प्याल्याची.

प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तयारीची सभा असे. त्या सभेत पाळक विचारत, कुणाचं कुणाशी काही आहे का? असेल तर आज मिटवा, नाहीतर उद्या भाकर घेऊ नका. बांधावरून, शेळीवरून, पाण्याच्या पाळीवरून झालेली भांडणं तिथं निघत. दोघं उठून एकमेकांच्या पायाला हात लावत आणि सभा पुढं जाई. ही रीत आमच्यात इतकी मुरली होती की गावातले इतर लोकही म्हणत, “शनिवारी यांच्यात भांडन मोडतं.” पण एक भांडण कुणी सभेत आणतच नसे, कारण ते भांडण आहे असं कुणाला वाटतच नव्हतं. मांगवाड्यातली पाच-सहा घरं मंडळीत होती. ती देवळात दाराशी बसत. प्रभुभोजनाचा एकच प्याला फिरायचा तो आधी महारांकडच्या ओळींतून जायचा आणि शेवटी दाराशी पोचायचा. गावानं आम्हाला दाराशी बसवलं होतं, आम्ही त्यांना बसवलं.

हे मोडलं ते कुणा साहेबाच्या सांगण्यावरून नाही. आजोबांनी सांगितलेली हकिकत अशी. एका तयारीच्या सभेत पाळकांनी नेहमीसारखं विचारलं. दाराशी बसलेला एक म्हातारा उठला. हातात टोपी धरून म्हणाला, “माझं एक भांडान हाय. कुनाशी हाय ते मला ठावं न्हाई. पर प्याला माझ्याकडं येतो तवा रिकामा झालेला असतो.” एवढंच बोलून तो बसला. त्या रात्री वडील मंडळी उशिरापर्यंत बसली. दुसऱ्या दिवशी पाळकांनी प्याला उचलला, सरळ दाराशी गेले आणि तिथून सुरुवात केली. तिघं माणसं उठून बाहेर गेली. त्यातली दोन महिन्या-दोन महिन्यांनी परत आली. तिसरा आला नाही. त्याचं नाव वहीत तसंच राहिलं, पुढं फुली मारली नाही. सोयरिकी जुळायला मात्र त्यानंतरही फार काळ जावा लागला, आणि पूर्ण जुळल्या असं आजही म्हणता येणार नाही. प्याला बदलायला एक रविवार पुरतो, सोयरीक बदलायला पिढ्या लागतात.

दुसरी परीक्षा 1956 ची.

13 ऑक्टोबर 1935 रोजी बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. येवला आमच्यापासून फार लांब नाही. तेव्हापासून वाड्यात चर्चा सुरू होती. मंडळीतल्या काहींना आशा होती की बाबासाहेब ख्रिस्ती होतील. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बौद्ध दीक्षा झाली आणि आमचा वाडा तीन ठिकाणी विभागला: बौद्ध, ख्रिस्ती आणि जे होते तसेच राहिलेले. माझ्या आजोबांचे सख्खे चुलतभाऊ बौद्ध झाले. एकाच भिंतीच्या अलीकडे ‘सलाम’ आणि पलीकडे ‘जयभीम’.

त्या काळात मंडळीत एक कडवटपणा आला, तो लपवण्यात अर्थ नाही. त्यामागं एक कायद्याची गाठही होती. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 साली शिखांना आणि 1990 साली बौद्धांना त्यात घेतलं. ख्रिस्ती झालेल्यांना घेतलं नाही. म्हणजे गावाच्या लेखी आम्ही महारच, विहिरीवर महारच, पण सरकारी कागदावर नाही. कित्येक घरांनी पोरांच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’ लिहिलं आणि रविवारी देवळात आले. मंडळीनं यावर काय करावं? एका वडिलांचं म्हणणं होतं, ही खोटी साक्ष आहे, नावं कमी करा. पाळकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “पोराची फी कोण भरणार ते आधी सांगा. मंडळी भरत असेल तर नाव कमी करू.” कणगीकडं पाहून सगळे गप्प झाले. नावं कमी झाली नाहीत. माझ्या वडिलांनी माझ्या दाखल्यावर ‘ख्रिस्ती’ लिहिलं आणि फी बैल विकून भरली. शेजारच्या घरानं तसं लिहिलं नाही. दोन्ही घरं एकाच चटईवर बसून प्रार्थना करत राहिली. कोण जास्त विश्वासू, हा प्रश्न निदान आमच्या चटईवर कुणी काढला नाही. मंडळीची वाढ म्हणतात ती यातही असते, असं मला आता वाटतं: कोणता प्रश्न विचारायचा नाही, हे कळण्यात.

तिसरी परीक्षा 1972 ची. ती मी पाहिली.

आधीची वर्षंही बेताची गेली होती. त्या वर्षी पाऊस आलाच नाही. विहिरींचे तळ दिसू लागले, जनावरं दावणीला बसली ती उठली नाहीत. माणसं खडी फोडायच्या कामावर, नालाबंडिंगवर, पाझर तलावावर जाऊ लागली. कामावर पोरांना सुकडी मिळायची. रेशनला लाल मिलो आला, परदेशातली ज्वारी. त्याची भाकरी थापली की कडा फाटायच्या आणि खाल्ली की घशात अडकायची. तरी बायांनी मूठ सोडली नाही. कणगीत खाली जुनी पांढरी ज्वारी होती आणि तिच्यावर लाल मिलोचा थर चढत होता. मी आणि माझा चुलतभाऊ ती कणगी बघायला मुद्दाम जायचो, दोन रंगांची म्हणून.

धान्य कुणाला द्यायचं, यावर एका रविवारी उपासनेनंतर सभा बसली. बायका पाठीमागं बसल्या होत्या. त्या काळी सभेत बायका बोलत नसत.

वडिलांपैकी जे मोठे होते ते म्हणाले, “मंडळीचं धान्य मंडळीला. आपलीच लेकरं उपाशी हायेत.” ते कठोर नव्हते. त्यांच्या घरात नऊ खाणारी तोंडं होती आणि मंडळीतल्या प्रत्येक घराची अवस्था त्यांना माहीत होती. त्यांनी शास्त्राचा दाखलाही दिला. पौलानं गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात विश्वासणाऱ्यांची काळजी विशेष घ्यायला सांगितलंय, असं ते म्हणाले. पाळक म्हणाले, “बरोबर आहे. पण त्याच वाक्यात आधी सगळ्यांचं भलं करायला सांगितलंय.” मग पाळकांनी सारफथच्या विधवेची गोष्ट काढली. शेवटचं मूठभर पीठ उरलेलं असताना तिनं परक्या माणसाला भाकर करून दिली, ती. कुणी म्हणालं, ती गोष्ट खरी, पण तिथं संदेष्टा होता, इथं कोण आहे? कुणी म्हणालं, पलीकडचे जयभीमवाले आपलं धान्य घेतील का? दुसरा म्हणाला, मांगवाड्यात दिलं तर उरेल काय? बोलणं वाढत गेलं. शेवटी असं ठरत आलं की यादी करायची: आधी मंडळीतली घरं, उरलं तर बाकीची.

तेव्हा आजी मागून उठली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, “पाळकसायेब, एक इचारू का? मूठ टाकताना आमी डोळं झाकून टाकली. मंग काढतानाच डोळं कशाला उघडायचं?”

कुणी काही बोललं नाही. आजी पुढं म्हणाली, “यादी कशाला पायजे? आमाला म्हाईत हाय. सांजच्याला कोनाच्या घरातून धूर निघंना, ते आमी रोज बघतो.”

खरं होतं ते. दिवेलागणीला बाया विहिरीवरून परतायच्या तेव्हा छपरांकडं बघत यायच्या. चूल पेटली असेल तर छपरातून धूर झिरपतो. सलग दोन संध्याकाळ धूर नाही म्हणजे त्या घरात काय आहे ते सांगावं लागत नाही. पुरुषांची यादी नावांची होती, बायांची धुराची होती.

पाळक थोडा वेळ बसून राहिले. मग त्यांनी धान्याची वही उघडली, तिसऱ्या रकान्यावर, जिथं ‘कुणाला गेलं’ लिहायचं तिथं, वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली आणि वही मिटली. “आजपासून हा रकाना रिकामा,” ते म्हणाले. “बायांनी न्यायचं, बायांनी द्यायचं. रात्री.”

मोठे वडील उठून गेले. नाताळपर्यंत ते सभेला आले नाहीत, पण रविवारची उपासना त्यांनी चुकवली नाही.

पुढचे सात-आठ महिने चार-पाच बाया अंधार पडल्यावर पाटी घेऊन निघायच्या. कोणत्या घरी गेल्या, हे कुणाला सांगायचं नाही, असा त्यांनी आपापसात शब्द घेतला होता. धान्य दारात ठेवायचं, कडी वाजवायची आणि निघायचं. घेणाऱ्याला देणारा दिसू नये, म्हणजे उद्या पाणवठ्यावर नजर खाली घालावी लागत नाही. भिंतीपलीकडच्या आमच्या बौद्ध चुलत्यांच्या दारात पाटी गेली, हे मला कळलं, कारण दुसऱ्या दिवशी चुलतआजी आमच्या ओट्यावर येऊन काही न बोलता आजीच्या डोक्याला तेल लावत बसली. मोठ्या वडिलांच्या दारातही एका रात्री कडी वाजली, असं पुढं कानावर आलं. मी आजीला विचारलं. ती म्हणाली, “वहीत हाय का?” मी म्हटलं, नाही. “मंग न्हाईच.”

कणगीतलं धान्य पुरलं का? नाही. दुष्काळापुढं कणगी केवढी. पोटं भरली ती कामावरच्या मजुरीनं आणि मिलोनं. मंडळीच्या मुठीनं काही घरांच्या काही रात्री निभावल्या, एवढंच. पण दोन गोष्टी झाल्या. दुष्काळात ख्रिस्ती झाले, हा टोमणा त्यानंतर आमच्या गावात मी ऐकला नाही. आणि पुढच्या वार्षिक सभेत पाळकांनी आजीला व आणखी एकीला वडिलांच्या बैठकीत येऊन बसायला सांगितलं. पद नव्हतं, मत नव्हतं. आजी गेली आणि दाराशी बसली. तेव्हा मोठे वडील उठले, तिला म्हणाले, “वैनी, हितं या,” आणि स्वतःच्या शेजारची चटई झटकली.

1924 साली आमच्या मंडळ्या उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त चर्चमध्ये गेल्या होत्या आणि 1970 पासून त्या उत्तर भारतीय चर्चचा भाग आहेत. पाट्यांवरची नावं अशी बदलली. मुळा धरणाचं पाणी तालुक्याच्या काही भागात आलं, ऊस आला, साखर कारखाने आले. आमच्या वाड्यातली शिकलेली पोरं नगर, पुणे, मुंबईला गेली. घरात गिरणीचं पीठ आलं, मग पिशवीतलं आलं, तसं मूठ टाकायला धान्यच हातात येईना. कणगी मोडली. आता अर्पणाचं पाकीट असतं आणि त्यावर नाव व रक्कम लिहायची असते. हिशेबाला ते बरं आहे. पाळकाचा पगार आता मुठीवर चालणार नाही, हेही मला कळतं. देवळाला फरशी झाली, ध्वनिक्षेपक आला. बुधवारची घरसभा अजून होते, पण चहा द्यायचा नाही हा नियम कधी सुटला ते कळलं नाही. आता नाष्टाही असतो, आणि काही घरांनी सभा बोलवणं थांबवलंय.

2020 च्या टाळेबंदीत शहरातली पोरं चालत, मिळेल त्या गाडीनं गावी परतली. वाड्यात एकाएकी खाणारी तोंडं वाढली आणि कमावणारं कुणी राहिलं नाही. तरुण संघानं धान्याच्या पिशव्या बांधल्या. एकानं मोबाईलवर नावांची यादी करायला घेतली. पिशवी देताना फोटो काढायचा, म्हणजे देणगी देणाऱ्यांना पाठवता येईल, असं ठरलं होतं. पोरं वाईट नव्हती, आजकालची रीतच ती आहे. माझी धाकटी वहिनी, जिनं आजीला शेवटची दहा वर्षं सांभाळलं, ती त्यांना म्हणाली, “पिशव्या बांधा. मोजा. देणाऱ्यांना हिशेब द्या. पण घेणाऱ्याचा फोटो नको. अंधार पडल्यावर माझ्याकडं द्या.”

पोरांनी विचारलं, कुणाला द्यायच्या ते तुम्हाला कसं कळणार? आता गॅसच्या शेगड्या आहेत, छपरातून धूर निघत नाही. वहिनी म्हणाली, “कुणाच्या घरात पोरं भांडायची थांबलीत, ते बघते मी रोज.”

पिशव्या त्या रात्री गेल्या. किती बांधल्या ते तरुण संघाच्या वहीत आहे. कुणाला दिल्या ते नाही.